फॅन्टसी खेळातील आचारी: पात्र कसे उभे करावे?

तांबडाफासा (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या गटाची नवी मोहीम लवकरच सुरू होत आहे. खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून गोष्ट रचण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा, २०१४ च्या नियमांनुसार चालणारा असून सर्व पात्रे तिसऱ्या लेव्हलपासून (अनुभवाच्या पायरीपासून) आरंभ करणार आहेत. या वेळी नेहमीचा योद्धा किंवा जादूगार न घेता, पेशाने आचारी असलेली स्त्री खेळावी असे माझ्या मनात आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात ती लहानाची मोठी झाली, पुढे राजाच्या ताटातील अन्न आधी चाखून पाहण्याचे काम तिच्याकडे आले आणि आता ती तेथून बाहेर पडली आहे, एवढे लिहून तयार आहे.

अडचण अशी की हे वर्णन वाचायला बरे वाटते, परंतु खेळताना ती नेमके काय करणार हे मला दिसत नाही. प्रत्येक मुक्कामाला ‘मी सर्वांसाठी चविष्ट जेवण बनवते’ असे म्हणून पुढच्या लढाईपर्यंत गप्प बसायचे, यात माझे आणि इतरांचेही मन रमणार नाही. लढाईत ती ओझे होऊ नये, हेही पाहायचे आहे. क्लास (पात्राचा लढाईतील पेशा) कोणता घ्यावा, फीट (पात्राचे खास कौशल्य) कोणती घ्यावी आणि डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) आधी काय बोलून घ्यावे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

नकाशेवाला

मी बहुतेक वेळा डीएमच्या खुर्चीत असतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. क्लास आणि फीट यांचा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो शेवटी सोडवावा, असे माझे मत आहे. तुमच्या वाक्यात जी अडचण तुम्हाला जाणवली ती नियमांची नाही. ‘चविष्ट जेवण बनवते’ या वाक्यात कोणताही निर्णय नाही, कोणतीही किंमत नाही आणि ते चुकण्याची शक्यताही नाही. म्हणून त्यावर डीएमला किंवा इतर खेळाडूंना काही बोलताच येत नाही. आचाऱ्याचे पात्र खेळात उतरते ते त्याला काहीतरी निवडावे लागते तेव्हा. पदार्थांची नावे कितीही सुंदर योजली, तरी दुसऱ्या सेशननंतर (खेळाच्या बैठकीनंतर) ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पण उरलेल्या शिध्यातून कैद्याला वाटा द्यायचा की नाही, यावर झालेला वाद मात्र महिनोन्‌महिने आठवतो.

असे निर्णय निर्माण करायला मूळ नियम पुरेसे आहेत, फक्त बहुतेक गट ते वापरत नाहीत. प्रत्येक पात्राला दिवसाला एक पौंड अन्न आणि एक गॅलन पाणी लागते, आणि हवा उष्ण असेल तर पाण्याची गरज दुप्पट होते. अन्नावाचून पात्र तीन दिवस अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (काटकपणाच्या गुणावरून ठरणारा आकडा) इतके दिवस तग धरते आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाच्या शेवटी त्याला एक्झॉशनची (थकव्याची) एकेक पायरी चढते. अर्धपोटी राहिलेला दिवस अर्धा उपास म्हणून मोजला जातो, तर एक दिवस पोटभर जेवण मिळाले की ही सगळी मोजणी पुन्हा शून्यावर येते. या शेवटच्या दोन वाक्यांत तुमच्या पात्राचे निम्मे काम दडलेले आहे. वाट सहा दिवसांची आणि शिधा चार दिवसांचा असेल, तर सर्वांना रोज थोडे कमी द्यावे, की पुढे राहून घाव झेलणाऱ्या योद्ध्याचे पोट भरून बाकीच्यांनी उपास काढावा, की वाटेत शिकारीसाठी एक दिवस मोडून पाठलाग करणाऱ्यांना जवळ येऊ द्यावे? हे कोण ठरवणार, याचे उत्तर तुमच्या गटात आपोआप ‘आचारी’ असे यायला हवे.

चुलीचाही विचार करा. जाळ आणि धूर दुरून दिसतो, मांस भाजल्याचा वास दूरवर जातो. शत्रूच्या मुलखात ऊन जेवण आणि सुरक्षितता यांपैकी एकच गोष्ट मिळणार असेल, तर स्वयंपाक हीच त्या रात्रीची सर्वांत धोक्याची कृती ठरते.

आता डीएमशी बोलण्याची पहिली गोष्ट. गटात ‘गुडबेरी’ हा स्पेल (मंत्र) असलेला ड्रुइड किंवा रेंजर (निसर्गाशी जोडलेले क्लास) असेल, तर एका स्पेलमधून निर्माण होणाऱ्या दहा फळांपैकी प्रत्येक फळ एका माणसाला दिवसभर पुरते. ‘आउटलँडर’ ही पार्श्वभूमी घेतलेले पात्र, आसपासच्या प्रदेशात काही उगवत असेल तर, रोज स्वतःसाठी आणि आणखी पाच जणांसाठी अन्नपाणी शोधू शकते. ही दोन्ही साधने नियमांत बसणारी आहेत आणि दोन्ही भुकेचा प्रश्न एका ओळीत संपवतात. बाकीच्या खेळाडूंनी त्यांतले काही घेतले असेल, तर टंचाईवर आधारलेली आचारी उभी करू नका. तिचे महत्त्व पाहुणचार, विष, सौदे आणि ओळख यांत शोधा. म्हणून इतरांची पात्रे आधी विचारून घ्या.

गणितीबार्ड

नकाशेवाला यांचे म्हणणे मान्य आहे. तरी तुमचा दुसरा प्रश्न लढाईतील उपयोगाचा होता, त्यासाठी थोडे आकडे मांडतो.

स्वयंपाकाच्या भांड्यांचा संच, म्हणजे कुक्स यूटेन्सिल्स, एक सुवर्णनाण्याला मिळतो आणि त्याचे वजन आठ पौंड असते. २०१७ च्या ‘झॅनाथर्स गाइड टु एव्हरीथिंग’मध्ये या संचाचा उपयोग सविस्तर दिला आहे. शॉर्ट रेस्टच्या (छोट्या विश्रांतीच्या) वेळी प्रोफिशिअन्सी (वापराचे प्रावीण्य) असलेल्या आचाऱ्याने जेवण रांधले, तर तो स्वतः आणि आणखी पाच जण यांना खर्च केलेल्या प्रत्येक हिट डायमागे (बरे होण्यासाठी टाकायच्या फाशामागे) एक हिट पॉइंट (जीवशक्तीचा गुण) जास्त मिळतो. आरंभीच्या लेव्हलला प्रत्येक जण एका विश्रांतीत एक किंवा दोन हिट डाय खर्च करतो, म्हणजे लाभ माणशी एक-दोन पॉइंटांचा. नाही म्हणायला काहीतरी आहे, एवढेच.

खरा फरक २०२० च्या ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मधील ‘शेफ’ या फीटने पडतो. ती कॉन्स्टिट्यूशन किंवा विस्डम एकाने वाढवते आणि भांड्यांची प्रोफिशिअन्सी देते. शॉर्ट रेस्टमध्ये चार अधिक प्रोफिशिअन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारा आकडा) इतक्या जणांना तुम्ही जेवू घालू शकता आणि त्यांपैकी जे हिट डाय खर्च करून बरे होतात, त्या प्रत्येकाला वर आणखी १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशावर पडतील तितके) हिट पॉइंट मिळतात. तिसऱ्या लेव्हलला हा बोनस दोन असतो, म्हणजे सहा जण. पाच जणांचा गट धरला, तर सरासरीने एका विश्रांतीला साडेबावीस पॉइंट झाले, आणि तेही एकही स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) न वापरता. याशिवाय एक तास काम करून किंवा लाँग रेस्टनंतर (रात्रीच्या पूर्ण विश्रांतीनंतर) तुम्ही प्रोफिशिअन्सी बोनसइतके खाऊ तयार करू शकता. ते आठ तास टिकतात आणि बोनस अ‍ॅक्शनने खाल्ल्यास तितकेच तात्पुरते हिट पॉइंट देतात. सुरुवातीला हे दोन-दोन पॉइंट किरकोळ वाटतील, आणि तात्पुरत्या पॉइंटांची बेरीज होत नाही हेही ध्यानात ठेवावे. तरी नवव्या लेव्हलला चार खाऊ आणि प्रत्येकी चार पॉइंट, असा हिशेब होतो.

या सगळ्याला एक अट आहे. तुमचा गट शॉर्ट रेस्ट घेत असला पाहिजे. दिवसात एकच मोठी लढाई आणि लगेच रात्रीची झोप अशी ज्या गटाची रीत आहे, तेथे ही फीट जवळजवळ वाया जाते. डीएमला हा प्रश्न सरळ विचारा.

क्लासच्या बाबतीत, केवळ आचाऱ्याला शोभतो म्हणून क्लास निवडू नये. आचारीपण हे फीट, पार्श्वभूमी आणि तुमच्या बोलण्यातून येईल. क्लासने लढाईतील जबाबदारी उचलावी. तरी जोड चांगली जमते ती बार्डची (गाण्यातून जादू करणाऱ्या क्लासची). त्याला दुसऱ्या लेव्हलला मिळणारे ‘साँग ऑफ रेस्ट’ शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाय खर्च करणाऱ्यांना १डी६ जास्त देते, आणि ते शेफच्या १डी८ शी जुळून माणशी सरासरी आठ पॉइंट होतात. शिवाय बार्डला ‘प्रेस्टिडिजिटेशन’ घेता येते, ज्याने घनफूटभर निर्जीव वस्तू तासभर गरम, थंड किंवा चवदार ठेवता येते. क्लेरिककडे (पुरोहिताच्या क्लासकडे) अन्नपाणी शुद्ध करणारा ‘प्युरिफाय फूड अँड ड्रिंक’, पाचव्या लेव्हलला ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ आणि अकराव्या लेव्हलला ‘हीरोज फीस्ट’ असा अन्नाच्या स्पेलांचा सरळ जिना आहे. त्यांतल्या शेवटच्या मेजवानीला एक हजार सुवर्णनाण्यांचे रत्नजडित पात्र खर्ची पडते. बारा जण तासभर जेवतात आणि पुढचे चोवीस तास त्यांना विषाची आणि भयाची बाधा होत नाही. माझ्या मते आचाऱ्याच्या आयुष्यातील सर्वोच्च क्षण म्हणून याहून चांगला प्रसंग नियमांत दुसरा नाही.

उपाशीट्रोल

दोघांनीही फार गंभीरपणे लिहिले आहे. आचारी खेळण्यातील खरी मौज राक्षस शिजवण्यात आहे, हे कोणीच का म्हणत नाही? वायव्हर्नच्या (ड्रॅगनसारख्या उडत्या प्राण्याच्या) शेपटीच्या नांगीत विष असते, म्हणजे शेपटी कापून बाकीचे शरीर चुलीवर ठेवता येईल का, याची चर्चा आमच्या गटात अर्धे सेशन चालली होती आणि त्या अर्ध्या सेशनमध्ये जेवढे हसलो तेवढे एरवी कधी हसलो नाही. ट्रोलचे मांस तर आचाऱ्यासाठी आव्हानच आहे, कारण आग किंवा अ‍ॅसिड लागले नाही तर ट्रोल प्रत्येक टर्नच्या आरंभी दहा हिट पॉइंट भरून काढतो. अर्धकच्चे वाढले तर काय होईल, ते डीएमवर सोडा. शिधा मोजत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

नकाशेवाला

उपाशीट्रोल, मौज मलाही मान्य आहे, आणि तुमचे वायव्हर्नचे उदाहरण माझ्याच मुद्द्याच्या बाजूचे आहे. ती चर्चा रंगली, कारण तिच्यात धोका होता आणि उत्तर आधी ठाऊक नव्हते. प्रत्येक मेलेला प्राणी कढईत गेलाच पाहिजे असे ठरले की चौथ्या वेळी तोच विनोद शिळा होतो.

यात एक गोष्ट खेळ सुरू होण्यापूर्वी, सेशन झीरोमध्येच ठरवून घ्यावी. जो प्राणी बोलतो, विचार करतो, त्याचे मांस खाण्याचा प्रसंग काही खेळाडूंना मनापासून नकोसा वाटतो. गॉब्लिन शिजवण्याची गंमत एकाला वाटते आणि शेजारच्याचे लक्ष त्या संध्याकाळपुरते उडते. ड्रॅगन तर माणसाहून बुद्धिमान असू शकतो, त्यामुळे ‘ड्रॅगनचे मांस’ हा पदार्थ वाटतो तितका निरुपद्रवी नाही. रेषा कोठे आखायची हे गटाने मिळून ठरवावे, आणि आचारीण स्वतः ती रेषा कोठे आखते हे मात्र तुम्ही ठरवावे. या दोन रेषा वेगळ्या असल्या तर पात्राला धार येते.

कंदील

मला बॅकस्टोरीबद्दल बोलायचे आहे, कारण धागाकर्तीने ‘ती तेथून बाहेर पडली आहे’ एवढ्यावरच ती सोडली आहे आणि पात्राचा जीव नेमका तेथे आहे. मुदपाकखाना ही पायऱ्यापायऱ्यांची जागा असते. लाकडे फोडणारा, भांडी घासणारी, निखाऱ्यांवर मांसाची सळई फिरवत तासन्‌तास बसणारे पोर, भटारी, खाटीक, कोठीच्या किल्ल्या सांभाळणारा आणि या सर्वांवर मुख्य आचारी, अशी उतरंड असते. तुमची स्त्री या उतरंडीत कोठून कोठे चढली, आणि चढताना कोणाला मागे टाकले, हे ठरवले की तिचे शत्रू आणि मित्र तुम्हाला वेगळे शोधावे लागणार नाहीत. चाखण्याच्या कामाचे तर काय सांगावे! जिच्या जिभेवर राजाचा जीव अवलंबून आहे, तिला लाच देऊ पाहणारे किती असतील आणि तिच्यावर संशय घेणारे किती! एखाद्या रात्री तिने काही ओळखले आणि तरीही ती गप्प राहिली, असे असेल का? मला तरी या शक्यतेपुढे इतर सर्व कारणे फिकी वाटतात.

आचाऱ्याच्या वेशात वावरणारा वीर आपल्या कथापरंपरेला नवा नाही. अज्ञातवासात भीम विराटाकडे बल्लव नावाने आचारी म्हणून राहिला, आणि कीचकाच्या छळाने गांजलेली द्रौपदी रात्री त्याला गाठायला गेली ती मुदपाकखान्यातच. तेथे पेच असा आहे की त्याने बळ वापरले तर ओळख उघडी पडण्याचे भय, आणि न वापरले तर अन्याय डोळ्यांसमोर चालू राहणार. खेळासाठी याहून सरस मांडणी मिळणे कठीण आहे. नलाची कथा तर आचारी खेळणाऱ्याने अवश्य आठवावी. रूप पालटलेला नल बाहुक म्हणून ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहतो. त्याने नुसते पाहिले की रिकामी भांडी पाण्याने भरतात, गवताची काडी उन्हात धरली की पेटते. आणि दमयंतीला खात्री पटवून देणाऱ्या खुणांपैकी एक म्हणजे त्याने शिजवलेल्या मांसाची चव. चेहरा बदलला तरी हाताची चव बदलत नाही, ही कल्पना डीएमच्या हाती द्या. परमुलखातील एखाद्या खानावळीत तुमच्या पात्रासमोर ताट येते, आणि पहिल्या घासाला तिला कळते की हे तिच्याच गुरूच्या हातचे आहे, जो मेला असे सर्वांना वाटत होते. किंवा उलट, तिच्या रांधण्यावरून कोणीतरी तिला ओळखते.

तिच्याजवळ नाजूक अशी एक वस्तूही असू द्या. मी स्वतः खमिराची बरणी सुचवीन. जिवंत खमिराला वरचेवर पीठ आणि पाणी द्यावे लागते, थंडीत ते मंदावते, अति उष्णतेने मरते. बर्फाळ खिंड ओलांडताना ती बरणी कोणाच्या अंगरख्यात ठेवायची, आणि पीठ संपत आले असताना बरणीला द्यायचे की माणसांना, हे प्रश्न कोणताही नियम न वापरता उभे राहतात.

तांबडाफासा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. इतरांना विचारून घेतले. गटात क्लेरिक आहे, ड्रुइड आणि रेंजर नाहीत आणि ‘आउटलँडर’ कोणी घेतलेले नाही. डीएम शॉर्ट रेस्ट भरपूर देतात. त्यामुळे मी बार्ड घेण्याच्या विचारात आहे. कंदील यांनी सुचवलेली ‘ओळखले आणि गप्प राहिली’ ही गोष्ट घेत आहे.

पण एक शंका राहते. विष ओळखणे हे तिचे पूर्वीचे काम. क्लेरिक मात्र एका स्पेलने अन्नातले सगळे विष काढून टाकू शकतो. मग तिच्या कौशल्याचा उपयोग काय? दुसरे असे की दर मुक्कामाला स्वयंपाकाचे वर्णन करत बसले तर इतरांचा वेळ खाल्ल्यासारखे होईल का?

कंदील

पहिल्या शंकेचे उत्तर दरबारी रीतीत आहे. ‘प्युरिफाय फूड अँड ड्रिंक’ उच्चारून आणि हातवारे करून करावा लागतो, आणि विधी म्हणून केला तर आणखी दहा मिनिटे लागतात. यजमानाच्या पंगतीत बसून त्याच्या अन्नावर मंत्र टाकणे म्हणजे तोंडावर त्याला खुनी म्हणणे होय. तुमची आचारीण मात्र एक घास घेऊन, हसून, ताट जरा बाजूला सारू शकते. झॅनाथरच्या ग्रंथात भांड्यांच्या कौशल्याने अन्नातील विष किंवा अशुद्धता ओळखण्याचा चेक (फासा टाकून गाठायचा आकडा) १५ चा दिला आहे. स्पेल विष नाहीसे करतो, पण विष होते की नव्हते, कोणते होते आणि कोणाच्या ताटासाठी होते, हे तो सांगत नाही. खुनी शोधायचा असेल तर ही माहिती हवी, आणि स्पेलने पुरावाच नष्ट होतो. येथे क्लेरिक आणि आचारीण यांच्यात चांगला खटका उडू शकेल. पुढे पाचव्या लेव्हलला तो ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ करू लागेल, तेव्हा आणखी एक उडेल. त्या स्पेलमधून पंचेचाळीस पौंड अन्न येते खरे, पण नियमांतच ते बेचव म्हटले आहे.

नकाशेवाला

वेळेच्या शंकेबद्दल: वर्णन दोन वाक्यांत संपवा आणि तिसरे वाक्य दुसऱ्या खेळाडूला उद्देशून प्रश्न म्हणून बोला. ‘तुझ्या पात्राने शेवटचे पोटभर कधी खाल्ले होते?’ किंवा ‘आज चुलीजवळ कोण बसले आहे आणि कोण मुद्दाम दूर बसले आहे?’ असे विचारले की तुमचा स्वयंपाक हा इतरांच्या बोलण्याचा प्रसंग होतो. मुक्कामाच्या वेळी बहुतेक गटांत पहाऱ्याची पाळी ठरते आणि थेट सकाळ होते; पात्रे एकमेकांशी बोलायची वेळच येत नाही. ती जागा रिकामी आहे, ती तुम्ही घ्या. मात्र ज्या रात्री गट थकलेला आहे आणि सर्वांना पुढच्या लढाईची ओढ लागली आहे, त्या रात्री ‘आज कोरडा शिधा’ एवढे म्हणून मोकळे व्हावे.

चेक मागण्याबाबत डीएमशी एक समजूत करून घ्या. रोजच्या जेवणाला फासा टाकू नये. जेवण बिघडल्याने काही बिघडणार असेल, पाहुणा नाराज होऊन वाट अडवणार असेल, साहित्य अपुरे असेल, तेव्हाच टाकावा. त्याच ग्रंथात साधे जेवण १० आणि खास मेजवानी १५ असे आकडे आहेत, तेवढे पुरतात.

उपाशीट्रोल

आणि तवा? लढाईत तव्याने मारता येते की नाही, हे कोणी सांगितलेच नाही.

गणितीबार्ड

येते. हाती लागेल ते हत्यार म्हणून तव्याने १डी४ इतकी इजा होते, पण प्रोफिशिअन्सी नसल्याने बोनस मिळत नाही. एखादी वस्तू खऱ्या शस्त्राशी मिळतीजुळती असेल तर डीएम तिला ते शस्त्र मानू शकतो, त्यामुळे जाड तवा ‘क्लब’ मानला जाणे सहज शक्य आहे आणि क्लब बार्डला येतोच. ‘टॅव्हर्न ब्रॉलर’ फीट घेऊनही हे साधते, परंतु विनोदासाठी एक फीट खर्च करावी असे मला वाटत नाही. मांस कापण्याची सुरी मात्र ‘डॅगर’ म्हणून लिहा. ती फिनेस (हलके, चपळाईने चालवायचे शस्त्र) असल्याने डेक्स्टेरिटीवर (चपळाईच्या गुणावर) चालते आणि बार्डचा भर बहुधा तेथेच असतो.

धागाकर्तीसाठी शेवटचा हिशेब. तिसऱ्या लेव्हलपासून आरंभ असल्याने ‘शेफ’ लगेच हवी असेल तर डीएमची परवानगी घेऊन ‘व्हेरिअंट ह्यूमन’ (मानवाचा पर्यायी प्रकार) घ्या, त्याला पहिल्याच लेव्हलला एक फीट मिळते. नाहीतर चौथ्या लेव्हलपर्यंत थांबावे लागेल. २०२४ च्या सुधारित नियमांत शेफसाठी चौथी लेव्हल हीच अट आहे, म्हणून पुढे गट त्या नियमांवर जाणार असेल तर आत्ताच विचारून ठेवा. पार्श्वभूमी ‘गिल्ड आर्टिझन’ घेण्याचा मोह होईल, कारण तिच्या यादीत आचारी आणि भटारी यांचा संघ आहे. परंतु भांड्यांची प्रोफिशिअन्सी फीट देणारच आहे, तेव्हा पार्श्वभूमी दरबारातल्या दिवसांना शोभेल अशी दुसरी घ्या. चार्मसाठी कॅरिझ्मा, निशाण्यासाठी डेक्स्टेरिटी आणि फीटचा एक पॉइंट कॉन्स्टिट्यूशनला, असे केल्यावर स्ट्रेंग्थ (ताकद) बहुधा ८ वर राहील. म्हणजे एकूण १२० पौंडच वाहता येतील. त्यात भांड्यांचे आठ पौंड, प्रत्येक दिवसाच्या शिध्याचे दोन पौंड आणि कंदील यांची बरणी आधी मांडा, मग चिलखत निवडा.